तळ्याकाठी लग्न आणि फोटो : आधी नोटीस द्या, मग तिकिटं काढा

प्रश्न थोडक्यात असा आलाय : दोघंही नागपूरचे, मिहानमध्ये नोकरी, घरचे फार खूश नाहीत पण आडवेही येत नाहीत, आणि पाचशे पत्रिका, लॉन, डीजे हे दोघांनाही नको. म्हणून मेच्या शेवटी फक्त दोघांनी लडाखमधल्या पँगाँगला जायचं, तळ्याकाठी लग्न लावायचं, तिथेच पोर्ट्रेट काढायचे आणि चार दिवसांत परत यायचं. हे कसं बसवायचं, आणि फोटोग्राफर इथून न्यायचा की तिकडचा घ्यायचा?

सतरा वर्षं झाली लग्नाचे फोटो काढून राहिलो, त्यातली शेवटची सात-आठ वर्षं अशी छोटी लग्नंही करतो, म्हणून जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिले तर अशा फक्त दोघांच्या लग्नाला एलोपमेंट म्हणतात, तो शब्द घरी वापरू नका. आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो, पळून गेले. माझ्या एका नवरीने आजीला फोनवर कौतुकाने सांगितलं की आम्ही इलोप करतोय, नातवाने अर्थ सांगितला, तर आजी म्हणाली, "पळून चालली तं फोटोवाला कायले नेतं वो?" प्रश्न बरोबरच होता ना. तुमचं पळून जाणं नाही, दोघांचं छोटं लग्न आहे, तसंच सांगा. (कोणाच्या घरून खरंच धोका असेल तर तो वेगळा विषय आहे, तिथे फोटोग्राफर नंतर, आधी वकील आणि पोलीस. शक्ती वाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात स्पेशल सेल आणि सेफ हाउसबद्दल स्पष्ट आदेश दिलेत, ते वकिलाला विचारा.)

आता मुद्द्याचं. कागदावरचं लग्न आणि तळ्यावरचा दिवस या दोन वेगळ्या गोष्टी धरा. एकत्र करायला जाल तर दोन्ही फसतात, मी होताना पाहिलंय.

कोर्ट मॅरेज ज्याला आपण म्हणतो ते १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली होतं. त्यात नोटीस त्याच जिल्ह्यात द्यावी लागते जिथे दोघांपैकी एक तरी नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस राहतोय. म्हणजे तुमच्यासाठी नागपूर, लेह नाही. (लडाखमध्ये हा कायदा २०१९ पर्यंत लागूच नव्हता, आता आहे, पण ३० दिवस राहण्याची अट तिथेही तीच.) नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लागते, ३० दिवस कोणाचा आक्षेप येतो का ते बघतात, मग लग्न लागतं आणि त्याला तीन साक्षीदार हवेत. ज्या भागात लोक अडकतात तो पुढचा आहे, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. १ जुलैला नोटीस दिली तर ऑगस्ट आणि सप्टेंबर एवढीच खिडकी. म्हणून लोकांना सांगतो की विमानाचं तिकीट काढायच्या आधी नोटिशीची पावती हातात पाहिजे, कारण तिकिटाची तारीख बदलता येते पैसे भरून, त्या ३० दिवसांचा एक दिवस कोणी कमी करून देत नाही.

दोघंही हिंदू असाल, आणि कायद्यात यात बौद्ध, जैन, शीखही आले, तर १९५५ च्या हिंदू मॅरेज ॲक्टचा रस्ता आहे, आपल्या रीतीने विधी कुठेही करा आणि नंतर नोंदणी करा. पण विधी खरा व्हायला हवा. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये साफ सांगितलंय की विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं तर ते लग्न धरत नाहीत. मग पँगाँगला विधी करायचा म्हणजे विधी लावणारा माणूस आणि साक्षीदार घेऊन जायचं, आणि मला तरी गुरुजींना ४,२०० मीटरच्या वर मंगलाष्टकं म्हणायला लावायचा धीर होत नाही, तिथे साधं "शुभमंगल सावधान" एका दमात होत नाही हो.

माझं सरळ मत, कागद नागपुरात करा, आणि त्या दिवशीही कॅमेरा असू द्या. तासाभराचंच काम असतं. रजिस्टरवर सही करताना नवऱ्याचा हात थरथरतो, साक्षीदार मित्र आधार कार्ड घरी विसरून येतो आणि त्याची आई स्कूटीवर घेऊन पोचते, खाली टपरीवर सगळे चहा पितात आणि नवरी पदर सांभाळत समोसा खाते. माझ्याकडचे सगळ्यात जिवंत फोटो अशा ऑफिसच्या जिन्यातले आहेत, कोणत्याच तळ्यावरचे नाहीत.

चार दिवसांचं म्हणता ते जमत नाही. आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. एक जोडपं होतं, तुमच्यासारखंच घाईत, विमानाने लेहला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी पँगाँगला निघालो, मी हो म्हणायलाच नको होतं पण म्हटलं. वाटेतल्या चांग ला घाटापर्यंत गाणी म्हणत गेलो. पँगाँग लेकवर पोचल्यावर नवरदेव दगडावर बसला तो उठेचना, डोकं धरून, मग उलट्या. एक फोटो काढला मी, तो बसलेला आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवतेय, शेरवानीच्या बॅगेची चेनसुद्धा उघडली नव्हती. रात्रीच खाली आणला त्याला. सकाळी लेहमध्ये तो ठीक होता, लग्नाचे फोटो मात्र हॉटेलच्या अंगणात काढले.

कारण साधं आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या जरासं वर, लेह ३,५०० मीटर, पँगाँग ४,२०० च्याही पुढे, आणि मधला चांग ला घाट ५,३०० च्या वर. लेकवर एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने साधारण ६० टक्केच ऑक्सिजन मिळतो. तुम्ही जिमला जाता की नाही याचा याच्याशी संबंध नाही, उलट फिट पोट्टेच पहिल्या दिवशी उड्या मारतात आणि आडवे होतात. तर हिशोब असा, आदल्या संध्याकाळी दिल्ली, कारण लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात, मग लेहमध्ये पूर्ण दोन दिवस काहीच नाही, खरंच काहीच नाही, पाणी प्या, झोपा, दारूला हात लावू नका. तिसऱ्या दिवशी लेक, दीडेकशे किलोमीटरला पाच-सहा तास. त्या संध्याकाळी एक शूट, दुसऱ्या सकाळी एक शूट, मग खाली. शिवाय एक दिवस राखीव, घाट बर्फाने बंद झाला तर लागतो. म्हणजे घरून घरी एक आठवडा. उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं तुमच्या डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा, आणि लेकवर डोकं दुखून वाढत गेलं तर फोटो गेले खड्ड्यात, खाली उतरायचं.

मेचा शेवट का धरला ते कळतं, नागपुरात ४५ डिग्रीत माणूस कुठेही पळायला तयार होतो. पण तेव्हा घाटाचा भरवसा कमी आणि गर्दी वाढायला लागलेली. मी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर म्हणेन. आणि एक आतली गोष्ट सांगतो, तेव्हा आपल्याकडे चातुर्मास असतो, मुहूर्त नाहीत, लॉन रिकामे, बँडवाले रिकामे, आणि आम्ही फोटोग्राफरही घरी बसून अल्बमचं काम करत असतो. मेमध्ये जो माणूस तुम्हाला आठवडा देणारच नाही तो तेव्हा कमी पैशात आनंदाने देईल. कोर्ट मॅरेजला मुहूर्त लागत नाही, आजीला वाटलं तर तुळशीच्या लग्नानंतर घरी छोटी पूजा करा.

आता उजेडाचं. लोक मला सनसेट म्हणतात. पँगाँगच्या ज्या काठावर तुम्ही राहता, स्पांगमिक, मान, मेराक ही गावं, तो नैर्ऋत्येकडचा काठ आहे आणि पाठीमागे लगेच उंच डोंगररांग. सूर्य त्या डोंगरामागे जातो, तोही मोबाइलमध्ये दाखवलेल्या सूर्यास्ताच्या बराच आधी. म्हणजे पाण्यावर लाल सूर्य वगैरे विसरा. पण त्याच वेळी तुमचा काठ सावलीत आणि समोरचे डोंगर अजून उन्हात, सोनेरी तांबूस, ही जी अर्ध्या-पाऊण तासाची वेळ आहे ती सोन्यासारखी. चेहऱ्यावर मऊ उजेड, डोळे मिचकावणं नाही, मागे पेटलेला डोंगर. सकाळी उलट, सूर्य समोरच्या डोंगरावरून येतो, तेव्हा तुमच्या पाठीमागून उजेड, केसांच्या कडा चमकतात, आणि मुख्य म्हणजे पाणी शांत असतं, डोंगराचं प्रतिबिंब तेव्हाच मिळतं. दुपारनंतर वारा सुटतो आणि पाण्यावर सुरकुत्या येतात. पण तो गडद निळा रंग, ज्यासाठी सगळे जातात, तो नेमका डोक्यावर ऊन असताना दिसतो, जेव्हा चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. म्हणून दुपारी फक्त लांबून काढलेले फोटो, दोघं बोटाएवढे आणि बाकी सगळं निळं, आणि जवळचे पोर्ट्रेट संध्याकाळी आणि सकाळी. जो फोटोग्राफर हे स्वतःहून सांगत नाही आणि "सर, फुल डे शूट करू" म्हणतो त्याला तळं माहीत नाही. आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर लावून वाइड लेन्सने काढणाराही मला आवडत नाही, तिथलं आकाश आधीच गडद, त्यात एका कोपऱ्यात काळा पट्टा पडतो आणि मग एडिटिंगमध्ये तो पुसत बसा.

कपड्यांवर जरा थांबतो कारण इथेच वाट लागते. वारा. सहावारीचा पदर आणि निऱ्या दोन्ही तो उचलतो, नवरी सगळा वेळ गुडघ्याशी हात दाबून उभी, प्रत्येक फोटोत तीच पोझ. नऊवारी नेसा, काष्टा असल्याने वारा आत शिरत नाही, खाली थर्मलही लपतं, आणि गोट्यांवरून चालता येतं. लाल, राणी, हळदी पिवळा निळ्या पाण्यासमोर छान उठतो, मोरपंखी नेसली की नवरी पाण्यात विरघळते. जरीचा भरगच्च शालू दुपारी आरशासारखा चमकतो, तो सावलीच्या वेळेलाच.

मुंडावळ्या हा वेगळाच तमाशा. मोत्यांच्या त्या दोन लडी कानांपुढून खाली लोंबतात ना, वारा आला की त्या आडव्या होऊन थेट डोळ्यात, एका नवरदेवाच्या दातात अडकली होती. मी आता काय करतो, कपाळावरची पट्टी दोन्ही कानांच्या वर आकड्याने केसात पक्की करतो, आणि खालच्या लडीच्या शेवटी आतून त्वचेच्या रंगाच्या मेकअप टेपचा छोटा तुकडा, गालाच्या मागच्या बाजूला. फोटोत दिसत नाही. नवरदेवाचे केस बारीक असतील तर आकडा धरत नाही, त्याच्या फेट्यालाच शिवून घ्या, नागपुरातूनच, तिथे सुई शोधत बसू नका. आणि अंतरपाट. कोणाला तरी वाटतंच की तळ्यासमोर अंतरपाट धरू, मस्त फोटो येईल. येतो मस्त, पण कापड म्हणजे शीड होतं, धरणारे दोघं मागे मागे खेचले जातात. दोन्ही टोकांना बांबूची काठी शिवा आणि खालच्या कडेत दुमड घालून थोडी वाळू भरा, मग सरळ राहतो.

मेंदी आणि हळद नागपुरात, निघायच्या दोन-तीन दिवस आधी. थंडीत मेंदी रंगत नाही, फिकी केशरी राहते. हळद चेहऱ्यावर दोन दिवस राहते, डोळ्यांना दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसते. सनस्क्रीन मात्र भरपूर लावा, उंचावर ऊन जास्त जाळतं, पहिल्या दिवशी नाक सोललं की लग्नाचे फोटो संपले. फक्त पांढरा थर राहणारं नको, फ्लॅश मारला की चेहरा भुतासारखा. ओठांना बाम दर तासाला.

अक्षता टाकू नका तिथे, हे हात जोडून सांगतो. तो सगळा भाग चांगथांग अभयारण्यात येतो, काळ्या मानेचे क्रौंच त्या भागात घरटी करतात, आपले रंगवलेले तांदूळ आणि कागदी फुलं तिथे कुजत पडतात. होम नाही, धुराचे रंगीत डबे नाहीत. ड्रोनचा विषय काढूच नका, तळ्यातूनच चीनकडची ताबारेषा जाते, उडवायला जाल तर लग्नाची रात्र पोलीस चौकीत. जायच्या आधी लेह जिल्हा प्रशासनाच्या साइटवर पर्यावरण शुल्क आणि परवान्याचे त्या महिन्याचे नियम बघून घ्या, ते बदलत असतात. आणि सिम पोस्टपेड करा, बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही, आईचा फोन लागला नाही की इकडे रडारड सुरू.

फोटोग्राफर इथला की तिथला? लेहमध्ये चांगले पोट्टे आहेत, हवामान आणि घाट त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो, शिवाय त्यांना दोन दिवस आराम द्यावा लागत नाही, म्हणजे तुमचे दोन दिवसांचे पैसे वाचले. इथला नेला तर त्याचं विमान, मुक्काम आणि रिकामे दिवस सगळं तुमच्या अंगावर. माझंच गिऱ्हाईक घालवून सांगतो, बजेट ताणलेलं असेल तर नागपूरचा दिवस इथल्याकडून आणि लेक तिथल्याकडून. फक्त मुंडावळ्या, अंतरपाट हे त्याला माहीत नसणार, व्हिडिओ कॉलवर दाखवा, एकदा वस्तू हातात धरून. आणि ठरवताना एवढं नक्की विचारा : एका लग्नाचे सगळे फोटो दाखव, निवडक नको. रोज रात्री कॉपी किती ठिकाणी करतो? बॅटऱ्या थंडीत कुठे ठेवतो? (उत्तर "अंगावरच्या आतल्या खिशात" असं आलं पाहिजे. सामानात ठेवतो म्हणाला तर विमानातच अडकेल, सुट्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेतच न्याव्या लागतात.)

आता हे सगळं वाचून दम लागला असेल, किंवा आईवडिलांना न्यायचं मनात आलं असेल, तर चिखलदरा बघा. हसू नका. अमरावती, परतवाडा करत गाडीने साडेचार-पाच तास, उंची हजार-अकराशे मीटर, कोणाचं डोकं दुखणार नाही. तिथलं शक्कर तलाव म्हणजे पँगाँग नाही, छोटं तळं आहे, दिवसभर बोटिंग, मागे हंसाच्या आकाराच्या बोटी दिसतात. पण सकाळी बोटी सुरू व्हायच्या आधी जा. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं असं येतं की समोरचा काठ गायब, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं कळत नाही, आणि त्यात लाल नऊवारी. मी त्या फोटोंसाठी कितीही वेळा घाट चढेन. पांढरी शेरवानी मात्र नको, धुक्यात नुसतं डोकं तरंगताना दिसतं. गाविलगडाची तटबंदी जवळच आहे. शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्ट टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते, एक नवरी पूर्ण मेकअपमध्ये तीन तास गाडीत बसली होती आणि भेळ खाऊन लिपस्टिक संपवली. मंगळवार-बुधवार घ्या. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, अर्धा तास बॅगेतच राहू द्यायचा. आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प लागून आहे, जंगलाच्या आत शूट करायचं तर वनविभागाची परवानगी आधी. उतरताना रबडी खा, तो माझ्या पॅकेजचाच भाग आहे.

कुठेही जा, त्याआधी एक सकाळ खिंडशी तलावावर या. रामटेक तासाभरावर, पाणी आहे, मागे टेकड्या आहेत, वाराही असतो. तीच नऊवारी, तेच दागिने, तीच चप्पल. घड्याळ लावा आणि अंधारात तयार व्हायला खरंच किती वेळ लागतो ते मोजा, सगळ्या नवऱ्या चाळीस मिनिटं सांगतात, दीड तासाच्या आत एकही झालेली नाही, आणि लेकवर तेच काम थंडीत, तंबूत, टॉर्चच्या उजेडात करायचंय. तिथेच कळतं की कोणाला कॅमेऱ्यासमोर हात कुठे ठेवायचे ते सुचत नाही, कोणता ब्लाउज दाटतो, नवरदेव हसताना डोळे मिटतो. मीसुद्धा तिथेच ठरवतो की या दोघांना चालत ठेवायचं की बसवायचं.

नोटीस दिली की कळवा, मग खिंडशीची तारीख धरू. सेफ्टी पिना दोन पत्ते जास्त आणा, माझ्याकडच्या नेहमी मित्रमंडळीच संपवतात.